गाडीत काही दोष नाही

गॅरेज बंद करून मला दोन वर्षं झाली. तरी जुन्या पुणे नाक्यावरून चालत निघालो की कुणीतरी हाक मारतंच, "मेस्त्री, जरा आवाज ऐका की गाडीचा." मी थांबतो, आवाज ऐकतो, काय वाटतं ते सांगतो. हात घालत नाही. गुडघे आता गाडीखाली जायला तयार नसतात. आणि खरं सांगायचं तर नुसतं ऐकून मत द्यायची मला आता थोडी भीतीही वाटते. ती का वाटते, तेच इथं लिहिणार आहे.

धंद्याबाहेरच्या लोकांना वाटतं, इंजिन खोलून परत बसवणं हे सगळ्यात अवघड काम. तसं नाही. ते मेहनतीचं काम आहे. काढलेल्या वस्तू ओळीनं मांडून ठेवल्या आणि घाई केली नाही, की इंजिन बसतं. साफ बंद पडलेली गाडी तर सगळ्यात सोपी. ती जागची हलत नाही, तुम्ही घरी जाऊन जेवून आलात तरी तशीच बंद असते. अवघड असते ती अधूनमधून बंद पडणारी गाडी. रस्त्यात मालकाला रडवते आणि गॅरेजच्या दारात आली की शहाण्यासारखी चालते. मालक सांगतो ते खोटं नसतं, तुम्ही बघता तेही खोटं नसतं.

अशा गाड्यांचा दोष शोधण्यात माझं नाव होतं. सांगोल्याकडचे एक मेंढ्यांचे व्यापारी होते. त्यांचा टेम्पो डावीकडं वळला की हॉर्न आपोआप वाजायचा आणि मागच्या मेंढ्या बिथरायच्या. त्या गृहस्थांनी शेवटी डावीकडं वळायचंच सोडून दिलं होतं. माझ्या गॅरेजला येतानाही ते उजव्या वळणांनी सगळं गाव फिरून आले. स्टिअरिंगच्या दांड्यात एक तार घासत होती. दहा मिनिटांचं काम. ते मला हात जोडून गेले, आणि मीही चार दिवस त्या गोष्टीवर खूश होतो. अशा दहा-वीस गोष्टी जमल्या की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सापडला नाही म्हणजे दोष नाहीच.

सुमनताईंची पिकअप माझ्याकडे आली ती माझ्या डोक्यात अशी हवा गेलेली असताना.

सुमनताई पन्नाशीच्या. माहेर सांगोला तालुक्यातलं. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरातून डबे द्यायला सुरुवात केली होती. वाढत वाढत बाळे गावात पत्र्याची मोठी शेड झाली, हाताखाली चौदा बायका आल्या आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं दुपारचं जेवण त्यांच्याकडे आलं. चपात्या, भाजी, डाळ, भात. कारखान्याची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. साडेबाराला भोंगा झाला की माणसं ताटं घेऊन रांगेत उभी राहतात. त्या वेळेला पातेली तिथं असलीच पाहिजेत. एकला जेवण आलं तर ते न आल्यासारखंच, कारण तोपर्यंत माणसं परत मशीनवर उभी असतात.

आणि त्यांची पिकअप कधीही, कुठंही बंद पडायची.

"सा म्हैने झाले मेस्त्री," सुमनताई म्हणाल्या. "आज पडली म्हणून उद्या पडंल असंबी न्हाय. कधी आठ दिवस काय न्हाय, कधी लागोपाठ दोन दिवस. तीन ठिकाणी दाखवली. आता तुमीच बघा."

बरोबर त्यांचा ड्रायव्हर होता, सिद्धाराम. चाळिशीचा, अक्कलकोट तालुक्यातला, घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारा. बोलायचा कमीच. चार वर्षं तो ही गाडी चालवत होता. मी विचारलं तेव्हा त्यानं नेमकं सांगितलं. गाडी चालता चालता ओढ सोडते, दोन-चार झटके खाते आणि थांबते. मग फिल्टरवरचा हातपंप मारला तरी काही होत नाही. जेवणाची वेळ टळू नये म्हणून रिक्षा थांबवायच्या, पातेली त्यात चढवायची, रुक्मिणीबाईंना त्यांच्याबरोबर पुढं पाठवायचं. रुक्मिणीबाई म्हणजे पातेल्यांजवळ मागं बसणाऱ्या बाई, तिथं जाऊन वाढणाऱ्याही त्याच. हे सगळं होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. मग पंप मारला की गाडी चालू.

"थंड झाली की चालू होते," मी म्हणालो.

"तसंच म्हणतेत सगळे," सिद्धाराम म्हणाला.

डिझेलच्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी लागतात. टाकीतून डिझेल सलग यावं लागतं, आणि ते कधी सोडायचं हे ठरवणारा कॉम्प्युटर शुद्धीवर असावा लागतो. दोष शोधायचं मशीन लावलं तर ते सांगत होतं, डिझेलचा दाब मध्येच कमी पडला होता. का पडला, ते मशीनला कळत नसतं. आधीच्या तिघांनी फिल्टर बदलला होता, टाकी धुतली होती, पंप उतरवून तपासून बसवला होता. मी गाडीखाली शिरलो. टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेलची नळी हातानं चाचपली. कुठं गळती नाही, चीर नाही. पंपाजवळचा एक भाग मला संशयास्पद वाटला. तो बदलला आणि गाडी दिली.

आठ दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही. सुमनताईंनी डबाभर शेंगापोळ्या पाठवल्या. मी त्या आवडीनं खाल्ल्या आणि शेजारच्या टायरवाल्यालाही दोन दिल्या, कशाबद्दल आल्या ते सांगून. नवव्या दिवशी गाडी चिंचोळीच्या अलीकडे बंद पडली.

मग मी ती चार दिवस ठेवून घेतली. ताईंनी तेवढे दिवस भाड्याचा टेम्पो लावला. मी रोज भर उन्हात तिच्या नेहमीच्या रस्त्यावर फेऱ्या मारल्या, हायवेनं थेट मोडनिंबपर्यंत नेली, घाटातल्यासारखी खालच्या गिअरमध्ये तापवली. एकदाही थांबली नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी सुमनताई आल्या. त्या दमलेल्या होत्या. कारखान्याच्या साहेबानं त्यांना त्या दिवशी बोलावून सुनावलं होतं.

"मेस्त्री, काय निघालं?"

"गाडीत काही दोष नाही," मी म्हणालो.

"मग बंद का पडती?"

इथं मला तीन शब्द बोलता आले असते. मला सापडलं नाही. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी फडक्यानं हात पुसत म्हणालो, "गाडी मी चार दिवस चालवली. माझ्या हातात पडत नाही. आता माणसाकडं बघा."

सिद्धारामचा एक चुलतभाऊ दुसऱ्या एका जेवणवाल्याकडे कामाला होता, आणि त्या जेवणवाल्याला चिंचोळीचं काम हवं होतं. हे मला माहीत नव्हतं. सुमनताईंना माहीत होतं. माझ्या वाक्यानं त्यांच्या मनातल्या दोन गोष्टी जोडल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धाराम गॅरेजला आला. चालत आला होता.

"ताईंनी चावी घेतली," तो म्हणाला. "तुमी म्हणालात म्हणं, माणसाकडं बघा."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"रुक्मिणीबाई मागं बसती. म्होरं माणूस एकच हाय की मेस्त्री. नाव कशाला घ्याय लागतंय."

मी पान्यांची पेटी आवरायला लागलो. त्यानं विचारलं, "चार दिवस चालवलीत, ती रिकामी का भरून?"

"रिकामी. त्यानं काय फरक पडतो? इंजिन तेच आहे."

त्यानं मान हलवली आणि निघून गेला. रागानं बोलला असता तर मी उलट बोललो असतो आणि विषय डोक्यातून गेला असता. तसं झालं नाही. पण मी काही केलंही नाही. हे कबूल केलं पाहिजे. प्रश्न माझ्या कानावर पडला होता आणि मी तो बाजूला ठेवला, कारण तो ड्रायव्हरनं विचारला होता.

पुढचे बारा दिवस नव्या ड्रायव्हरनं गाडी चालवली. तेराव्या दिवशी भर दुपारी, चिंचोळीच्या वाटेवरच्या पुलाच्या चढावर, गाडीनं झटके खाल्ले आणि ती थांबली. मागून भरलेला ट्रक येत होता. त्यानं करकचून ब्रेक लावला म्हणून टक्कर वाचली, पण पिकअप थोडी मागं घरंगळली, नव्या ड्रायव्हरनं घाबरून जोरात ब्रेक दाबला आणि डाळीचं पातेलं कलंडलं. रुक्मिणीबाईंचा डावा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भाजला.

संध्याकाळी सुमनताई दवाखान्यातून थेट माझ्याकडे आल्या. त्यांच्या साडीच्या काठाला वाळलेली डाळ होती. गाडी ओढून गॅरेजच्या दारात आणून लावलेली होती. मी खुर्ची पुढं केली, त्या बसल्या नाहीत.

"आज सिद्धाराम गाडीवर नव्हता, मेस्त्री," त्या म्हणाल्या.

एवढंच. चावी टेबलावर ठेवली. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "सोमवारपातुर मुदत दिलीय साहेबानं. तवर भाड्याचा टेम्पो लावते, पर ते रोज परवडाय न्हाय. सोमवारी वेळेवर गेलं तर ठीक, न्हायतर दुसऱ्याकडनं घेनार. चौदा बायकांना काय सांगू ते तुमी सांगा."

त्या दिवशी बुधवार होता.

गुरुवारी सकाळी मी गॅरेजला कुलूप घातलं आणि अक्कलकोटची एसटी धरली. तिथून वडाप जीपनं सिद्धारामच्या गावी. तो भावाच्या रानात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या बांधत होता. मला बांधावर बघून तो उठला नाही. हातातली पेंढी बांधून झाली, मग आला.

मी त्याला रुक्मिणीबाईंचं सांगितलं. तो खाली बसला.

"लई भाजलं का?"

"पाय. महिना लागेल म्हणतात."

मी म्हणालो, "सिद्धाराम, गाडीत दोष आहे. मला सापडला नाही. तू चार वर्षं तिच्यावर आहेस. तू असलास तर सापडेल."

"मी का यावं?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, खरंच विचारत असल्यासारखा. "माझ्या गावात समद्यांना कळलंय, गाडी मुद्दाम बंद पाडतो म्हणून काढलं. माझ्या भावाच्या सासऱ्यानंबी इचारलं."

मी म्हणालो, "मी चुकलो."

"हितं रानात म्हणून काय उपेग. हितं मी आन् तुमी. ताईंच्या म्होरं म्हणा. त्या बायका असतील तवा म्हणा. दोष सापडू दे न्हायतर न सापडू दे."

"म्हणतो."

तो शुक्रवारी सकाळी आठला गॅरेजच्या दारात हजर होता.

यावेळी मी एक जुनी युक्ती केली. इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलच्या वाटेत एक हात लांब पारदर्शक नळी जोडली आणि ती बॉनेटच्या फटीतून वर काढून पुढच्या काचेसमोर बांधली. बसल्या जागेवरून डिझेल जाताना दिसत होतं. गाडी थांबेल तेव्हा नळीत डिझेल असेल तर दोष पुढं, नसेल तर मागं, टाकीकडे. मग आम्ही हौद्यात वाळूची पोती टाकली, जेवणाच्या वजनाइतकी, आणि निघालो. चिंचोळी, मोहोळ, मोडनिंब, परत. पुन्हा मोडनिंब, पुन्हा परत. मी दिवसभर त्या नळीकडे बघत बसलो. डोळे चुरचुरायला लागले. गाडी एकदाही थांबली नाही.

संध्याकाळी पोती उतरवताना सिद्धाराम मध्येच थांबला.

"मेस्त्री, पोती खाली सपाट पडत्यात. पातेली मांडणीवर असत्यात."

हौद्यात पातेली बसवायला एक लोखंडी मांडणी होती. वर्षभरापूर्वी ताईंनी एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली. गाडी बंद पडायला लागली त्याच्या सहा महिन्यांनी, म्हणून मांडणीवर कुणाचा संशय गेला नव्हता. माझाही अजून जात नव्हता. पण आता माझ्या मतावर माझाच विश्वास राहिला नव्हता, आणि ते बरंच झालं.

आम्ही रुक्मिणीबाईंना फोन लावला. पातेली कशी लावता, विचारलं. त्या पडल्या पडल्या सांगायला लागल्या. "चपात्यांचे डबे म्होरं. भात मधी. डाळीचं पातेलं माझ्या डाव्या अंगाला, हात ठेवाय येतो म्हणून. मी नसते तवा ह्या बाया उजवीकडं टाकत्यात, मग सांडतंय." बोलता बोलता आठवून म्हणाल्या, "तुमी पैल्यांदा गाडी करून दिली त्या वेळी मी आठ दिवस लेकीकडं गेले व्हते की. लई सांडलं म्हणं तवा."

ते आठ दिवस म्हणजे माझ्या शेंगापोळ्यांचे आठ दिवस. मी हिशेब लावला आणि फोन ठेवला. सिद्धारामनंही लावला असावा.

शनिवारी आम्ही शेडमधून तेवढीच जादाची रिकामी पातेली आणली, पाण्यानं गच्च भरली आणि रुक्मिणीबाईंनी सांगितलं तशी मांडणीवर लावली. सगळ्यात मोठं पातेलं डाव्या अंगाला. त्यांच्या जागेवर वाळूचं एक पोतं ठेवलं. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

पहिली फेरी नीट झाली. दुपारी बाराला दुसरी सुरू केली. ऊन चांगलंच तापलं होतं. मोडनिंबहून परत फिरलो, सेवारस्त्याला लागलो, आणि पाच-सात मिनिटांत काचेसमोरच्या नळीत एक बुडबुडा दिसला. मग दोन. मग नळीभर फेस आला, डिझेल थांबलं, गाडीनं झटके खाल्ले. सिद्धारामनं ती कडेला घेतली तशी ती बंद पडली.

चाळीस वर्षांत बंद पडलेली गाडी बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

सिद्धाराम सवयीनं उतरला, मागं गेला आणि पातेल्यांचा दोर सोडायला लागला. मी ओरडलो, "थांब. काही उतरवू नको."

तो दोर हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"आजपर्यंत बंद पडली की काय करायचास?"

"पातेली रिक्षात चढवायचो."

"आणि मग चालू व्हायची."

"व्हय." मग त्याचा चेहरा बदलला. "थंड होऊन न्हाय मेस्त्री. वजन उतरल्यावर."

आम्ही दोघं लिंबाच्या विरळ सावलीत बसलो आणि वाट बघितली. पंधरा मिनिटांनी पंप मारला, चावी फिरवली. नाही. अर्ध्या तासानं, नाही. पाऊण तासानं, इंजिनावर हात ठेवता येईल इतकं ते निवलं होतं, तरी नाही. मग चाकांना दगड लावून मी पाठीवर गाडीखाली शिरलो. सगळं वजन वर तसंच होतं. टाकीपासून नळी चाचपत पुढं आलो. रबरी नळी, बोटाएवढी जाड, हौद्याच्या खालून जाते. एका जागी माझी बोटं थांबली. मांडणीसाठी हौद्याच्या खालून एक लोखंडी पट्टी लावली होती. डाव्या कोपऱ्यावर वजन आलं की महिनोन्महिने वजन सोसून सैल झालेला हौद्याचा पत्रा खाली दबत होता, पट्टी त्याच्याबरोबर उतरत होती आणि नळीला खालच्या चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, दाबत होती. नळी तिथं चपटी झाली होती, उन्हानं मऊ पडलेली. पट्टी आणि चासीच्या मध्ये माझं नखही जात नव्हतं.

"डाळीचं पातेलं उचल," मी खालून सांगितलं.

त्यानं पाणी ओतून दिलं आणि पातेलं उचललं. माझ्या डोळ्यांसमोर पट्टी बोटभर वर गेली आणि नळी हळूहळू गोल झाली. रिकाम्या गाडीखाली मी हीच नळी दोनदा चाचपली होती. तेव्हा ती अशीच गोल होती.

सिद्धारामनं पंप मारला. गाडी पहिल्या चावीत चालू झाली. मी बाहेर आलो तेव्हा तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मीही लगेच पुढच्या सीटवर जाऊन बसलो नाही. त्याला थोडा वेळ हवा असावा असं वाटलं.

काम तसं छोटं होतं. पट्टी कापली, मांडणीला दुसरीकडून आधार दिला, नवी नळी लांबून फिरवून धातूच्या पन्हाळीतून नेली. संध्याकाळी आम्ही बाळ्याच्या शेडवर गेलो. रविवारी पाणी भरलेल्या पातेल्यांनिशी दिवसभर गाडी फिरवायची होती, पण सांगायचं ते शनिवारीच सांगायचं ठरलं होतं.

चौदाजणींपैकी तेराजणी तिथं सोमवारचं निवडत बसल्या होत्या. चौदाव्या रुक्मिणीबाई, पाय स्टुलावर ठेवून, पाटीत लसूण सोलत होत्या. घरी बसवेना म्हणून आल्या होत्या. मी उभा राहिलो. असं बोलायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "गाडीत दोष होता. तो मला सापडला नाही. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी सिद्धारामवर ढकललं. ह्याची काही चूक नव्हती. दोष शोधलाही ह्यानंच. रुक्मिणीबाईंचा पाय भाजला तो माझ्यामुळं."

लसूण सोलणारे हात थांबले होते.

"पायाचं काय न्हाय, बरा व्हईल," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "हा चार लोकांत काय सांगत असंल, काम का सुटलं म्हणून, ते बघा."

सुमनताई चुलीकडून पुढं आल्या. "मेस्त्री बोलले," त्या सिद्धारामला म्हणाल्या, "पण चावी मी घेतली. चार वर्षांत तू एक दिवस उशिरा आला न्हाईस. मला कळाय पायजे व्हतं." त्यांनी चावी पुढं केली. नवा ड्रायव्हर ओळखीच्या एका भाजीवाल्याच्या टेम्पोवर जाणार होता, ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. सिद्धारामनं चावीकडे बघितलं आणि ती घेतली.

त्यानंतर गॅरेज चालवलं तितकी वर्षं मी एक गोष्ट पाळली. अधूनमधून बंद पडणारी गाडी आली की आधी तिच्या ड्रायव्हरला बसवून चहा पाजायचा आणि तो सांगेल ते सगळं ऐकायचं, मग बॉनेट उघडायचं. आणि सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणायचं. दोन-तीन गिऱ्हाइकं त्यामुळं दुसरीकडं गेली. जाऊ दे म्हटलं.

सोमवारी मी पिकअपमध्ये मागं बसून चिंचोळीला गेलो. रुक्मिणीबाईंची जागा रिकामी होती आणि डाळीचं पातेलं कुणीतरी धरायला हवं होतं. ते धरायला सोपं नसतं. वळणावर ते अंगावर येतं आणि झाकणाच्या कडेनं वाफ हाताला लागते. पुलाच्या चढावर मी पातेलं दोन्ही हातांनी आवळून धरलं. गाडी चढून गेली. बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही फाटकातून आत शिरलो. सुमनताई दुसऱ्या एका बाईबरोबर रिक्षानं आधीच येऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडी बघितली, पदर खोचला आणि वाढायच्या टेबलाकडे गेल्या. साडेबाराला भोंगा झाला. माणसं ताटं घेऊन रांगेत आली, वाढून घेऊन बसली, मोबाइल बघत जेवायला लागली. गाडीकडे कुणी बघितलंही नाही. साहेब एकदा दारात येऊन गेला.

गर्दी ओसरल्यावर सिद्धारामनं दोन ताटं वाढून आणली. आम्ही पिकअपच्या सावलीत बसलो. इतके दिवस बरोबर काढले होते, तरी जे विचारायचं होतं ते मी विचारलं नव्हतं.

"सिद्धाराम, राग गेला का?"

त्यानं चपातीचा तुकडा मोडला, विचार केला.

"न्हाय गेला अजून," तो म्हणाला. "जाईल हळूहळू. तुमी जेवा."

मी जेवलो. डाळीत मीठ कमी होतं. मी काही बोललो नाही.